निसटती फळी

१९२६ साली होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या सर्फिंगच्या दोन जुन्या फळ्या बघायच्या तर आत जायची गरज नव्हती. त्या बाहेरच्या दगडी भिंतीला तारांनी आवळून टांगलेल्या होत्या. लांबी चौदा ते सोळा फूट, वजन प्रत्येकी दीडशे पौंडांच्या आसपास. त्या अबनर पाकी या हवाईच्या सरदाराच्या. पाकी १८५५ साली वारला. त्याची मुलगी बर्निस पावाही बिशप, आणि तिच्याच स्मरणार्थ तिच्या नवऱ्याने १८८९ साली हे संग्रहालय उभारलेलं. लेकीच्या नावाच्या वास्तूत बापाच्या फळ्या उघड्यावर लटकत होत्या, आणि यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते वाटलं विस्कॉन्सिनहून आलेल्या टॉम ब्लेक नावाच्या चोवीस वर्षांच्या पोहणाऱ्याला. समुद्रापासून शेकडो कोस दूर वाढलेला हा पोरगा. १९२० साली डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात हवाईचा ऑलिंपिक विजेता ड्यूक काहानामोकू त्याला भेटला, हस्तांदोलन झालं आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. संग्रहालयाची परवानगी काढून ब्लेकने त्या फळ्या उतरवल्या, जुना रंग खरवडला, लाकूड घासलं आणि वॉर्निश देऊन त्या पुन्हा उभ्या केल्या. हे करताना त्याच्या डोक्यात जे शिरलं त्यातून पुढची पन्नास वर्षं घडली. पण ते पुढे. त्याआधी, या फळ्यांना भिंतीवरच्या तारांची पाळी येण्यापूर्वी त्या कशा राहायच्या ते पाहायला हवं.

लंडन मिशनरी सोसायटीचा पाद्री विल्यम एलिस १८२३ साली हवाई बेटाला वळसा घालून फिरला. लाटांवर घसरणारी माणसं त्याने पाहिली आणि, त्याचं कौतुक वाटतं ते इथे, खेळ संपल्यावर ते लोक काय करतात तेही नीट पाहिलं. फळी काळी रंगवलेली असे. पाण्यातून काढली की ती पूर्ण कोरडी होईपर्यंत उन्हात ठेवत. मग तिला खोबरेल तेल चोळत, बहुतेकदा कापडात गुंडाळत आणि घरातच कुठेतरी टांगून ठेवत. हे कापड म्हणजे 'कापा', झाडाची साल कुटून केलेलं. मोठ्या ओलो फळ्यांचं लाकूड विलीविलीचं, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातलं: हलकं, भुसभुशीत, पाणी पटकन पिणारं. असं लाकूड ओलं राहिलं तर कुजतं, किडतं आणि प्रत्येक खेपेला आणखी जड होतं. वाळवणं, तेलाने छिद्रं बुजवणं, जमिनीच्या ओलीपासून उंच टांगणं, यातली एकही पायरी शोभेची नव्हती. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून, तेल चोपडून झावळ्यांनी शाकारतात, तोच हिशेब. फक्त कोळी हे वर्षातून एकदा करतो, हवाईतला माणूस दर वेळी करत होता.

फळी घडवतानाही असाच सोहळा असे. थॉमस थ्रम यांच्या १८९६च्या वार्षिकात त्याचं वर्णन छापलेलं आहे. झाड निवडलं की मुळाशी 'कुमू' हा लाल मासा ठेवून प्रार्थना करायची, मग दगडी कुऱ्हाडीने तोडायचं आणि तासायचं. घासायला खडबडीत पोवळ्याचा दगड. रंगाला कुकुईच्या, म्हणजे जंगली अक्रोडाच्या, सालीचा रस नाहीतर त्याच्या बिया जाळून केलेली काजळी. शेवटचा हात कुकुईच्याच तेलाचा. तळाला फिन, म्हणजे पाणी धरणारा कणा, नाही, वर चिकट काही नाही. पायाला पकड होती ती अनवाणी तळव्यांची आणि सवयीची.

१७७८ साली कॅप्टन कुक आला आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची माणसं अक्षरशः संपवली. लाखोंच्या घरातली लोकसंख्या १८९०च्या दशकात सुमारे चाळीस हजारांवर आली. मिशनऱ्यांनी सर्फिंग बंद पाडलं असं सरसकट लिहिलं जातं. त्यांना उघड्या अंगाचा आणि पैजांचा तिटकारा होता हे खरं, पण मला वाटतं दोष देताना आधी साथींकडे बघावं. ज्या घरांत फळी टांगायची ती घरंच ओस पडली होती.

खेळ पुरता मेला मात्र नाही. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र कॅलिफोर्नियात शिकत होते. त्यांनी सांताक्रूझला (मुंबईचं नव्हे, तिकडचं) सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटा पकडल्या. विलीविली तिथे कुठून मिळणार? त्यांनी स्थानिक गिरणीतून रेडवूडच्या फळ्या कापून घेतल्या. त्यांतल्या दोन पुढे त्याच बिशप म्युझियमच्या साठ्यात ओळखल्या गेल्या आणि २०१५ साली सांताक्रूझच्या संग्रहालयात पाहुण्या म्हणून येऊन गेल्या. रेडवूड हे लाकूड कुजायला नाखूष. पुढची पन्नास वर्षं कॅलिफोर्नियात त्याचंच राज्य चाललं, आणि रोजच्या तेलपाण्याची जागा वॉर्निशच्या डब्याने घेतली.

वाइकिकीवर तोवर वेगळीच अडचण उभी राहिली होती. किनाऱ्याला हॉटेलं लागली आणि कपडे बदलायला, फळी ठेवायला जागा उरेना. शंभर पौंडांची फळी रोज शहरातून आणणार कोण? १९०८ साली अलेक्झांडर ह्यूम फोर्ड या खटपट्या लेखकाने किनाऱ्यालगतची जमीन भाड्याने मिळवली, तिथे गवताची शाकारलेली दोन घरं आणून उभी केली आणि आउटरिगर कनू क्लब सुरू केला. सर्फिंगच्या पुनरुज्जीवनाचा मान या क्लबला देतात. त्याने मुळात काय पुरवलं? फळी ठेवायला छप्पर. पण त्या छपराखाली बहुतांशी गोरी मंडळी होती. ड्यूक आणि त्याचे हवाईयन सोबती समुद्रकाठच्या एका हाऊच्या झाडाखाली जमत. त्यांनी १९११ साली आपला 'हुई नालू' क्लब रीतसर केला. फळी कुठे ठेवता यावरून तुम्ही कोण ते कळत होतं.

ब्लेककडे परत. पाकीच्या फळ्यांची नक्कल करताना त्याला वजन नकोसं झालं. त्याने रेडवूडच्या ओंडक्याला आरपार शेकडो भोकं पाडली, महिनाभर वाळवला आणि वरून-खालून पातळ लाकडाचे पापुद्रे चिकटवून भोकं झाकली. वजन बरंच उतरलं. त्यातूनच पुढे सांगाडा आणि पातळ फळ्यांची पूर्ण पोकळ फळी झाली आणि १९३२ साली तिचं पेटंट त्याला मिळालं. हलकी झाल्याने ती जीवरक्षकांनाही आवडली. पण पोकळीबरोबर नवा त्रास आला: सांधे गळत. म्हणून तिला डट्टा असे. पाण्यातून बाहेर आलं की फळी कलती करायची, डट्टा काढायचा आणि आत शिरलेलं पाणी ओतून टाकायचं. हेच न केल्याने कितीतरी फळ्या आतून सडल्या असतील. १९३५ साली त्याने एका मोडक्या स्पीडबोटीचा तळातला कणा काढून फळीच्या शेपटाखाली बसवला. फिन म्हणतात ती हीच. तोपर्यंत फळी उभ्या लाटेवर बाजूला घसरायची. आता तिने पाण्यात खालून पकड घेतली.

वरची पकड मात्र अजून नव्हती. ओलं वॉर्निश आणि ओला तळवा यांचं काही केल्या जमत नाही. मधे पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाय सुटतो. काहींनी ओल्या वॉर्निशवर वाळू भुरभुरली. पाय टिकले, पण पोटावर पालथं पडून हाताने वल्हवायचं तर छाती-गुडघ्यांची सालपटं निघायची. १९३५च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळच्या पालोस वर्देसचा आल्फ्रेड गॅलंट नावाचा तरुण घरात ताज्या मेण लावलेल्या फरशीवर मोजे घालून चालला. पाय चिकटून बसतात असं जाणवल्यावर त्याने तेच पातळ मेण फळीला फासलं, आणि नंतर आईच्या सांगण्यावरून पॅराफिनची वडी घासून पाहिली, असं सांगतात. कहाणी जरा जास्तच गोड आहे. तरी पॅराफिन खरं, कारण अमेरिकन स्वयंपाकघरात ते हाताशीच असे: मुरांब्याच्या बरण्यांवर वितळवून ओतायचं आणि हवा कोंडायची. फळीवर ते घासलं की गुळगुळीत थर बसत नाही, बारीक उंचवटे उठतात. ते पाणी फोडतात आणि कातडीला धरतात. थंड पाण्यात पॅराफिन कडक होऊन पुन्हा निसरडं होई, उन्हात वितळून वाळू ओढून घेई. तरी जवळजवळ तीस वर्षं सर्फर वाणसामानाच्या दुकानातून या वड्या घेत राहिले, कारण दुसरं काही नव्हतं.

युद्धानंतर वजनाचा प्रश्न रसायनाने सोडवला. इक्वेडोरचं बाल्सा लाकूड पिसासारखं हलकं खरं, पण पाण्यात ठेवलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या गतीला जातं. फायबरग्लास आणि रेझिनचं कवच चढवल्यावर ते समुद्रात टिकलं. १९४६ साली पीट पीटरसनने पहिली फायबरग्लासची फळी बनवली. १९५८ साली हॉबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी लागुना कॅन्यनमध्ये पॉलियुरेथेनचा फेस साच्यात ओतून गाभा काढायला सुरुवात केली आणि लाकूड मागे पडलं. फळी एकट्या माणसाच्या काखेत आली, मोटारीच्या टपावर चढली. पण तिची कातडी पातळ झाली. रेडवूडची फळी दगडावर आपटली तर दगडाची काळजी वाटावी. ही फळी दुसऱ्या फळीला घासली तरी हिचा टवका निघे. त्या टवक्याला सर्फर 'डिंग' म्हणतात. डिंगमधून पाणी आत गेलं की फेस ते शोषतो, पिवळा पडतो आणि वरचं कवच सुटायला लागतं. म्हणून भोक दिसलं की निदान चिकटपट्टी तरी मारायची, आणि घरी नेऊन वाळवून, सँडपेपर मारून रेझिन भरायचं. गंमत म्हणजे हवाईयन माणूस जो नियम पाळत होता, आधी पूर्ण वाळवा मग झाका, तोच इथेही लागू झाला. ओल कोंडून रेझिन भरलं तर दुरुस्ती महिन्याभरात उखडते.

१९५९च्या 'गिजेट' चित्रपटानंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर पोरांचे लोंढे आले. फळ्या सुटू लागल्या, माणसं पोहून त्या परत आणू लागली. हे पोहणं या खेळाचा न चुकणारा कर होता. पडलात की तुमची फळी लाटेबरोबर पुढे जाते, शे-दोनशे मीटर, आणि तुम्ही दमलेल्या अंगाने मागे. ज्याला पोहता येत नाही तो आत जातच नसे. खडकाळ जागी तर फळी पोहून गाठेपर्यंत शिल्लक राहीलच याची खात्री नसे. सांताक्रूझची स्टीमर लेन ही लाट कड्याला लागूनच फुटते. तिथे एक चूक म्हणजे फळीचा चक्काचूर.

पाकीची फळी गेली तर एक अख्खं झाड, प्रार्थना आणि महिन्यांची मेहनत गेली. १९७०च्या फळीला दुकानात बदली मिळत होती. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ती माणसाला बांधून ठेवण्याचा ध्यास या काळातच घेतला गेला. ब्लेकनेही कधीकाळी कमरेला दोर बांधून पाहिला होता आणि धोक्याचा वाटल्याने सोडला, असं म्हणतात. १९७०-७१ साली सांताक्रूझमध्ये जॅक ओनील यांचा मुलगा पॅट याने रुग्णालयात वापरतात ती रबरी नळी घेतली, एक टोक मनगटाला बांधलं आणि दुसरं सक्शन कपने फळीच्या नाकाजवळ चिकटवलं. ओनील घराण्याला थंड पाण्याचा धंदा ठाऊक होता. जॅक यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ओशन बीचजवळच्या गॅरेजमध्ये सर्फचं दुकान काढलं होतं, आणि वेटसूट हे त्यांच्या नावावर चालणारं उत्पादन.

नव्या दोरीची टिंगल झाली. १९७१ साली मालिबूच्या एका स्पर्धेत पॅट ती बांधून उतरला तेव्हा जुन्या लोकांनी तिला 'कूक कॉर्ड' म्हटलं. कूक म्हणजे नवशिका, ज्याचा राग येतो तो. टिंगलीत तथ्यही होतं. पोहण्याची परीक्षा ज्यांनी दिली ते बाजूला, आणि दोरीच्या भरवशावर आत शिरलेले त्यांच्याच लाटेवर. पण त्या नळीचा खरा दोष वेगळाच होता: ती फार ताणली जायची. ताणलेली नळी सुटली की सगळी ताकद फळीत, आणि फळी सरळ मालकाकडे. त्याच वर्षी जॅक ओनील यांच्या डाव्या डोळ्यावर फळी अशीच येऊन आदळली आणि तो डोळा गेला. काळी पट्टी त्यांनी आयुष्यभर बांधली. ती कंपनीच्या जाहिरातींत झळकली आणि लोकांना ती समुद्री चाच्याची ऐट वाटली. २०१७ साली ते ९४ व्या वर्षी वारले तेव्हाही बातम्यांतल्या छायाचित्रांत ती होतीच.

दोरी टाकून द्यावी असं मात्र कुणालाही वाटलं नाही. कारागिरांनी ती बदलली. मनगटावरून मागच्या पायाच्या घोट्यावर, नाकावरून शेपटाजवळच्या डेकवर गेली. रबरी नळीची जागा युरेथेनच्या दोरीने घेतली, जी ताणते पण गोफण होत नाही. मग असं दिसलं की ताणलेली बारीक दोरी फळीच्या कडेचं फायबरग्लास करवतीसारखं कापते. म्हणून दोरी आणि फळी यांच्यामध्ये रुंद, चपटी पट्टी आली, तिला 'रेल सेव्हर' म्हणतात. फळी वाचवायला बांधलेल्या दोरीपासून फळी वाचवायला आणखी एक पट्टी! १९८०च्या सुमारास दोरीशिवाय सर्फर दिसला की लोक वळून बघायचे.

तळव्याखालची पकडही तोवर किराणा मालातून बाहेर पडली होती. साठच्या दशकात टॉम मोरे यांनी 'स्लिपचेक' नावाचा फवारा विकला, जो फळीच्या नाकाला खरखरीत करी. त्या काळी नाकावर उभं राहण्याचं वेड होतं. (याच मोरेंनी १९७१ साली बूगी बोर्ड बनवला.) त्या दशकाच्या अखेरीस माइक डॉयल आणि मित्रांनी सर्फिंगसाठी मुद्दाम वेगळं मेण बाजारात आणलं. १९७२ साली गोलेटात रिक हर्झॉग यांनी रसायनतज्ज्ञ नेट स्किनर यांच्यासोबत 'मिस्टर झॉग्ज सेक्स वॅक्स' काढलं. त्या नावाचे टी-शर्ट इतके खपले की कित्येकांना हे मुळात मेणाचं नाव आहे हेही माहीत नव्हतं. खरी सुधारणा मात्र नावात नव्हती, तापमानात होती. थंड पाण्याला मऊ मेण आणि उष्ण पाण्याला कडक, अशा वेगवेगळ्या वड्या पुढे रूढ झाल्या. सत्तरच्या दशकातच हर्बी फ्लेचरने फेसाची चिकटपट्टी डेकवर लावून 'ॲस्ट्रोडेक' आणलं. मागच्या पायाखाली पट्टी, पुढच्या पायाखाली मेण, अशी वाटणी आजही कित्येक फळ्यांवर दिसते.

मेण आणि दोरी यांनी मिळून एक गोष्ट पुरती बदलली: फळी गमावण्याची भीती. तिच्या जागी नवी भीती आली. २३ डिसेंबर १९९४ ला कॅलिफोर्नियाच्या मॅव्हरिक्स लाटेवर हवाईचा नामवंत मार्क फू बुडाला. त्याची दोरी तळाच्या खडकात अडकली असावी असा संशय अनेकांनी व्यक्त केला. त्यानंतर मोठ्या लाटांवरच्या दोरीला एका झटक्यात सोडता येणारी खीळ लागू लागली. मोठी लाट घेणारे आजही बुडालं की आधी हाताने खीळ चाचपतात.

दोरीविना खेळणारे अजून आहेत. जुन्या ढंगाच्या लांब फळ्या घेऊन नाकापर्यंत पावलं टाकत जाणारे म्हणतात की घोट्यातली दोरी पायात येते आणि चाल मोडते. गर्दी नसेल तर ते खरंही आहे. पण गर्दीत सुटलेली फळी कुणाच्या तरी डोक्यावर जाते, आणि ऑस्ट्रेलियात बायरन बेच्या परिसरात अशा अपघातांनंतर २०२४ साली दोरी न बांधणाऱ्याला दंड करण्यापर्यंत गोष्ट गेली. १९७१ साली मालिबूवर दोरी बांधणारा हास्यास्पद होता. आता न बांधणाऱ्याला दंडाची भाषा ऐकावी लागते, आणि दोन्ही वेळी हेका धरणारे तेच असतात: ज्यांना पोहून फळी परत आणता येते.